वाचकांचे प्रश्न : निकोलस रोरिक यांचा प्रवास आणि त्यांचे पर्वत

गेल्या अंकात हिमालयाच्या चित्रकारांविषयी लिहिताना निकोलस रोरिक यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता आणि त्यात ‘रोरिक यांचे पर्वत पाहिलेले कमी आणि रचलेले जास्त आहेत’ असे एक वाक्य होते. त्या वाक्यावर अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. काहींनी हरकत घेतली, तर काहींनी मुळात हा चित्रकार कोण, येथपासून विचारणा केली. त्यांतील निवडक प्रश्न उत्तरांसह पुढे देत आहोत.

रोरिक यांचे नाव हिमालयाशी इतके जोडले गेले आहे की ते जणू येथेच घडले असे वाटते. भारतात येण्यापूर्वीचे त्यांचे आयुष्य कसे होते? (एक वाचक, नाशिक)

रोरिक यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७४ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला, आणि डिसेंबर १९२३मध्ये ते मुंबई बंदरात उतरले तेव्हा त्यांनी वयाची ४९ वर्षे पूर्ण केली होती. म्हणजे चित्रकार म्हणून त्यांची जी काही घडण व्हायची ती हिमालयाचे दर्शन होण्याआधीच झाली होती, आणि आमच्या त्या वाक्याचा उगम नेमका येथे आहे.

वडील दस्तऐवज नोंदवणारे वकील होते आणि मुलाने कायदाच शिकावा अशी त्यांची इच्छा होती. मुलाने त्यांचे मन मोडले नाही आणि स्वतःचेही मोडले नाही. १८९३पासून तो विद्यापीठात कायदा आणि कला अकादमीत चित्रकला असे दोन्ही अभ्यास बरोबरीने करत राहिला. अकादमीत त्याला अर्खिप कुइंजी यांच्यासारखे गुरू लाभले. चांदणे, मावळता प्रकाश आणि विस्तीर्ण मोकळे आकाश हे कुइंजी यांचे खास प्रांत होते. १८९७ साली शिक्षण संपताना रोरिक यांनी ‘दूत’ हे चित्र मांडले. रात्रीची वेळ आहे, टेकडीवर लाकडी कुंपणाचे गाव झोपलेले आहे, आणि खाली नदीतून एक होडी चालली आहे. त्या होडीत एक जण उभा राहून वल्हवतो आहे, तर निरोप घेऊन निघालेला म्हातारा खाली मान घालून बसला आहे. मॉस्कोचे प्रसिद्ध संग्राहक त्रेत्याकोव यांनी हे चित्र लगेच विकत घेतले. तेवीस वर्षांच्या चित्रकाराला याहून मोठी पावती त्या काळच्या रशियात मिळण्यासारखी नव्हती.

चित्रकलेइतकाच त्यांचा जीव पुरातत्त्वात होता. इझ्वारा येथील कुटुंबाच्या वाडीभोवती प्राचीन दफनटेकड्या होत्या, आणि रोरिक लहानपणापासून त्यांच्या उत्खननात रमत असत. १९०३ आणि १९०४च्या उन्हाळ्यांत पत्नी हेलेना यांच्यासह त्यांनी चाळीसहून अधिक जुन्या रशियन नगरांचा दौरा केला आणि तेथील किल्ले, मठ व चर्च यांची रंगीत टिपणे केली. त्यांपैकी ७५ चित्रे अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रदर्शनाला गेली आणि जकातीच्या भानगडीत सापडून रोरिक यांच्या हाती परत आली नाहीत. प्रवास करायचा तो जुन्या माणसांच्या खुणा शोधायला, निसर्गशोभा पाहायला नव्हे, ही त्यांची सवय तेव्हापासूनची आहे. पुढे लडाखमध्ये आणि कुलूत ते दगडावर कोरलेल्या आकृती व वाटेवरच्या मूर्ती टिपत राहिले, ती हीच सवय होती.

१९०६पासून ते कलाप्रोत्साहन संस्थेच्या शाळेचे संचालक होते. १९१६च्या अखेरीस फुप्फुसाच्या आजारामुळे हवापालटासाठी ते कुटुंबासह फिनलंडच्या भागात गेले, मागे रशियात क्रांती झाली, सीमा बंद झाली आणि परतीचा रस्ता उरला नाही. स्टॉकहोम, लंडन, न्यू यॉर्क असा पुढचा प्रवास आहे. लंडनमध्ये १९२० साली त्यांची रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी भेट झाली, तेव्हाच भारतात जाण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का होता.

त्यांची चित्रे मला सपाट वाटतात. डोंगर कापून चिकटवल्यासारखे, सावल्या जवळपास नाहीत, माणसे बाहुल्यांएवढी. हा दोष नाही का? (चित्रकलेचे एक शिक्षक, कोल्हापूर)

आपले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्षाशी मात्र आम्ही सहमत नाही. १९०६च्या सुमारास रोरिक यांनी तैलरंग जवळजवळ सोडून टेंपेरा (अंड्याचा बलक किंवा सरस यांत कालवलेले रंग) हे माध्यम स्वीकारले. तैलरंग सावकाश सुकतो, त्यामुळे एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळत नेऊन गोलाई आणता येते. टेंपेरा मात्र लवकर सुकतो, त्याला चकाकी नसते, आणि त्यात छटा मिसळण्यापेक्षा एका रंगाच्या पट्ट्यालगत दुसरा पट्टा ठेवणे अधिक सोयीचे पडते. रशियातील जुन्या धर्मप्रतिमा याच माध्यमात रंगवलेल्या आहेत, आणि दौऱ्यांत पाहिलेल्या चर्चमधून रोरिक यांनी ही शिस्त उचलली. एखादे मूळ चित्र जवळून पाहिले तर दूरच्या डोंगररांगेची कड कुठेही विरलेली दिसत नाही. निळ्याच्या चार-पाच छटा एकापाठोपाठ एक, प्रत्येक आपापल्या रेषेत थांबलेली असते आणि मधली धुक्याची पांढरी पट्टीसुद्धा धारदार असते. खोलीचा भास सावलीतून येत नाही, तो थंड आणि उबदार रंगांच्या क्रमातून येतो.

दुसरे कारण रंगभूमीचे आहे, आणि ते अनेकदा दुर्लक्षिले जाते. दियागिलेव यांच्या रशियन नृत्यनाट्य मंडळीने १९०९ साली पॅरिसमध्ये ‘प्रिन्स इगोर’ या संगीतिकेतील नृत्ये सादर केली, त्यांचे नेपथ्य रोरिक यांचे होते. तांबूस-पिवळे आकाश, सपाट माळ आणि तंबूंमधून उठणारा धूर एवढ्यावर त्यांनी सारा रंगमंच भरला होता. त्यानंतर २९ मे १९१३ रोजी संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या ‘वसंतविधी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला, ज्यात प्रेक्षकांनी घातलेला गोंधळ आजही संगीताच्या इतिहासात सांगितला जातो. त्या कलाकृतीचे कथासूत्र स्त्राविन्स्की यांनी रोरिक यांच्याबरोबर बसून आखले होते, पोशाख व दृश्ये रोरिक यांची होती आणि संगीतरचना अर्पणही त्यांनाच केलेली आहे. आपल्याकडील संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. पडदा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असतो, म्हणून त्यावर बारकावे नसतात, मोठे आकार असतात आणि समोर माणसांना उभे राहायला जागा सोडलेली असते. रोरिक यांच्या हिमालयचित्रांत पुढची जागा बहुधा अशीच मोकळी असते आणि तेथे एखादा घोडेस्वार, एखादा ध्यानस्थ साधू किंवा एखादी स्त्री उभी असते. माणूस लहान आहे याचे कारण तो नगण्य आहे हे नाही. पर्वत त्याच्यामागे उभा केला आहे, त्याच्यासाठी उभा केला आहे, असा त्या रचनेचा अर्थ आहे.

उदाहरण म्हणून १९२४ सालचे ‘आठव’ हे चित्र घ्यावे. पांढऱ्या घोड्यावरचा स्वार निघाला आहे आणि मान वळवून मागे उभ्या असलेल्या दोन स्त्रियांकडे पाहतो आहे. या सर्वांच्या मागे कांचनगंगेची बर्फरांग पसरलेली आहे. हे निसर्गचित्र नाही, नाटकातला एक क्षण आहे. सगळीच चित्रे इतकी साधत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नंतरच्या वर्षांत त्यांनी त्याच शिखरांची लहान आकाराची असंख्य चित्रे केली, त्यांत सवयीचा हात दिसतो, आणि अध्यात्मिक आशय सांगण्याच्या भरात काही चित्रे केवळ प्रतीकांची मांडणी होऊन राहतात.

मध्य आशियाच्या मोहिमेत ते नेमके कुठून कुठे गेले? इतक्या थंडीत चित्रे काढणे कसे शक्य झाले? (एक गिर्यारोहक, पुणे)

मोहिमेआधी सुमारे वर्षभर त्यांचा मुक्काम दार्जिलिंगला होता आणि कांचनगंगेची चित्रे तेथेच सुरू झाली. मार्च १९२५मध्ये ते काश्मीरला गेले आणि ऑगस्टमध्ये श्रीनगरहून लेहच्या रस्त्याला लागले. सोबत हेलेना आणि थोरला मुलगा यूरी होता. यूरी यांनी लंडन, हार्वर्ड आणि पॅरिस येथे आशियाई भाषांचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे तिबेटी आणि मंगोल माणसांशी बोलणी करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. धाकटा मुलगा स्वेतोस्लाव न्यू यॉर्कला होता. लेहमध्ये त्यांना राजांच्या जुन्या नऊ मजली राजवाड्यात राहायला जागा मिळाली, आणि तेथील काळवंडलेल्या भिंती व गच्चीवरून दिसणारी वाळवंटी दरी त्यांच्या अनेक चित्रांत आहे.

लेहहून काराकोरमच्या खिंडी ओलांडून ते खोतानला पोचले. तेथील चिनी अधिकाऱ्याने त्यांची शस्त्रे काढून घेतली, चित्रे काढायलाही मनाई केली आणि काही महिने अडकवून ठेवले. सुटका झाल्यावर काशगर आणि उरुमची मार्गे ते १९२६च्या उन्हाळ्यात सोविएत हद्दीत शिरले, मॉस्कोला जाऊन आले, अल्ताई पर्वतात फिरले आणि हिवाळा मंगोलियाच्या राजधानीत काढला. मंगोलियाच्या सरकारला त्यांनी शंभलाच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतील गूढ पुण्यराज्याच्या, अधिपतीचे एक चित्र भेट दिले. १९२७मध्ये गोबी ओलांडून त्यांचा काफिला तिबेटमध्ये उतरला.

खरी कसोटी तेथे लागली. ल्हासाच्या अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर १९२७मध्ये नागचूच्या अलीकडे, चांगथांगच्या उघड्या पठारावर त्यांना रोखले. पुढे जाण्याची परवानगी नाही आणि मागे फिरण्याचीही नाही, अशा स्थितीत उन्हाळी तंबूंत पाच महिने गेले. पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरत होता. आसपासच्या लोकांकडून धान्य विकत घेण्यावरही बंदी होती. या मुक्कामात पाच माणसे दगावली आणि सुमारे नव्वद जनावरे तंबूंच्या आसपास मरून पडली. मार्च १९२८मध्ये वाट मोकळी झाली आणि मे महिन्यात सिक्कीममार्गे ते दार्जिलिंगला परतले. समुद्रसपाटीपासून १४ ते २१ हजार फुटांवरच्या ३५ खिंडी ओलांडल्याची नोंद रोरिक यांनी स्वतः करून ठेवली आहे.

चित्रांच्या प्रश्नाचे उत्तर माध्यमात आहे. मोठा पट वाटेवर रंगवणे अशक्य होते, म्हणून मुक्कामी लहान आकारात रंगटिपण करायचे आणि पुढे घर मिळाले की त्यावरून मोठे चित्र उभे करायचे, ही त्यांची रीत होती. टेंपेरा लवकर सुकत असल्यामुळे टिपणे गुंडाळून खेचरावर लादता येत. पण जेथे टिपणही शक्य नव्हते, तेथील चित्रे आठवणीतून झाली. मोहिमेतून साकारलेली चित्रे सुमारे ५०० मानली जातात. नकाशावर बोट ठेवून एखादे शिखर ओळखायला गेलेल्या गिर्यारोहकाची त्यातल्या अनेक चित्रांपुढे निराशा होते, याचे कारण तेच आहे.

ते रशियाचे हेर होते असे वाचले. खरे काय? (एक वाचक, सोलापूर)

ब्रिटिशांना तसा दाट संशय होता, एवढे कागदोपत्री नक्की आहे. सिक्कीममधील ब्रिटिश राजकीय अधिकारी बेली यांनी ल्हासाच्या अधिकाऱ्यांकरवी काफिला अडवून धरला. संशयाला जागा रोरिक यांनीच करून दिली होती. क्रांतीनंतर परदेशी राहिलेला हा माणूस १९२६मध्ये मॉस्कोला गेला, परराष्ट्रमंत्री चिचेरिन यांना भेटला, हिमालयातील महात्म्यांचा, म्हणजे हे दांपत्य ज्यांना आपले गूढ गुरू मानत असे त्यांचा, म्हणून एक संदेश आणि लेनिन यांच्या समाधीसाठी हिमालयाची माती घेऊन गेला. ज्या मोहिमेचा मोठा खर्च अमेरिकी देणगीदार उचलत होते, तिच्या प्रमुखाने हे करावे, हे कोणत्याही सरकारला खटकणारच होते.

अभ्यासकांत याबाबत एकवाक्यता नाही. आमचे मत विचाराल तर, रोरिक यांचे स्वतःचे स्वप्न कोणत्याही सरकारच्या कामापेक्षा मोठे होते. आशियात शंभलाच्या नावाने एक नवे आध्यात्मिक राज्य उभे राहील अशी या दांपत्याची श्रद्धा होती, आणि त्यासाठी जे सरकार उपयोगी पडेल त्याच्याशी ते बोलत. एका बाजूला भाबडेपणा आणि दुसऱ्या बाजूला व्यवहारचातुर्य, असे त्यांचे मिश्रण होते. त्यांना केवळ ऋषी किंवा केवळ हेर ठरवणारी दोन्ही प्रकारची पुस्तके त्यामुळेच अपुरी वाटतात.

एवढा पैसा कुठून येत होता? (एक वाचक, नागपूर)

मुख्यतः न्यू यॉर्कहून. १९२०मध्ये अमेरिकेला गेल्यावर त्यांच्या प्रदर्शनांना मोठा प्रतिसाद मिळाला आणि लुइस हॉर्च या धनिकाने त्यांच्यामागे आपली संपत्ती उभी केली. कलाशाळा निघाली, १९२३मध्ये रोरिक यांच्या नावाचे संग्रहालय स्थापन झाले आणि १९२९मध्ये हडसन नदीकाठी त्या संग्रहालयासाठी उत्तुंग इमारत बांधून झाली. हयात चित्रकाराच्या नावाने गगनचुंबी इमारत उभी राहणे हे तेव्हाही नवलाचे होते.

तेथूनच पडझडही झाली. अमेरिकेचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस हे रोरिक यांचे भक्त होते, आणि त्यांच्या खात्याने १९३४मध्ये अवर्षणातही तगणाऱ्या गवताचे बियाणे गोळा करण्यासाठी रोरिक यांना मांचुरिया आणि मंगोलियाकडे पाठवले. सोबतच्या वनस्पतिशास्त्रज्ञांशी त्यांचे पहिल्यापासून फाटले, मोहिमेच्या राजकीय हालचालींबद्दल बातम्या छापून येऊ लागल्या आणि १९३५मध्ये वॉलेस यांनी मोहीम गुंडाळून रोरिक यांच्याशी संबंध तोडले. त्याच सुमारास हॉर्च यांनीही पाठ फिरवली, इमारत ताब्यात घेतली आणि करथकबाकीचे प्रकरण उभे राहिले. रोरिक पुन्हा कधी अमेरिकेत गेले नाहीत. न्यू यॉर्कमधील आजचे छोटे रोरिक संग्रहालय १९४९पासून १०७व्या रस्त्यावरील एका घरात आहे.

तीन लाल ठिपक्यांच्या चिन्हाचा अर्थ काय? (एक विद्यार्थिनी, पणजी)

पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळ आणि त्यात तीन लाल गोल, हे शांतिध्वजाचे चिन्ह आहे. युद्धकाळात रुग्णालयांवर जसा रेडक्रॉसचा झेंडा असतो, तसा संग्रहालये, ग्रंथालये, विद्यापीठे आणि स्मारके यांवर हा ध्वज असावा आणि त्यांना कोणी हात लावू नये, अशी रोरिक यांची कल्पना होती. तीन गोलांचा अर्थ कोणी धर्म, कला व विज्ञान असा लावतात, तर कोणी भूत, वर्तमान व भविष्य असा लावतात. १५ एप्रिल १९३५ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत अमेरिका खंडातील २१ देशांनी ही कल्पना मान्य करणाऱ्या करारावर सह्या केल्या. सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी १९५४मध्ये हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत या वॉशिंग्टन कराराचा उल्लेख आहे. चित्रकाराच्या हातून झालेल्या कामांत याची गणना फार वर करावी लागेल.

देविकाराणी आणि रोरिक कुटुंब यांचे नाते काय? (एक वाचक, मालाड, मुंबई)

मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या प्रमुख अभिनेत्री आणि हिमांशू राय यांच्या निधनानंतर कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या देविकाराणी यांनी १९४५मध्ये स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला. त्या निकोलस रोरिक यांच्या सूनबाई. विवाहानंतर त्यांनी चित्रपट सोडला. दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी त्याच होत. स्वेतोस्लाव स्वतः उत्तम व्यक्तिचित्रकार होते, आणि या दोघांनी उत्तरायुष्य बंगळूरजवळच्या आपल्या वाडीत काढले.

त्यांची मूळ चित्रे भारतात कोठे पाहता येतील? परदेशात त्यांना कोट्यवधी किंमत मिळते, मग येथली चित्रे विकली गेली तर नाहीत ना? (एक वाचक, ठाणे)

कायदेशीर मार्गाने ती बाहेर जाऊ शकत नाहीत. प्राचीन वस्तू व कलामूल्य वस्तू यांविषयीच्या १९७२च्या कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय ठेवा मानल्या आहेत, त्यांत राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि ठाकूर कुटुंबातील तिघांच्या बरोबरीने निकोलस रोरिक यांचेही नाव आहे. जन्माने परकीय असलेले त्या यादीत ते एकटेच म्हणावे लागतील, कारण शेरगिल जन्मल्या बुडापेस्टला तरी त्यांचे वडील पंजाबी होते. लंडनमध्ये २०१३च्या जूनमध्ये त्यांच्या एका चित्राला सुमारे ७९ लाख पौंड मिळाले. भारतातील चित्राला अशा बाजारात उतरण्याचा मार्गच नाही.

वाराणसीचे भारत कला भवन आणि प्रयागराजचे संग्रहालय येथे त्यांची दालने आहेत, आणि ती शांतपणे पाहता येतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आणि बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत पिता-पुत्र दोघांची चित्रे आहेत. एकच ठिकाण निवडायचे असेल तर कुलू खोऱ्यातील नग्गर निवडावे. १९२८च्या अखेरीस रोरिक तेथे स्थायिक झाले, हिमालयातील वनौषधी, भाषा आणि पुरातत्त्व यांच्या अभ्यासासाठी ‘उरुस्वती’ ही संस्था त्यांनी तेथेच चालवली, १९४२मध्ये जवाहरलाल नेहरू आणि इंदिरा गांधी तेथे त्यांचे पाहुणे होते, आणि १३ डिसेंबर १९४७ रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. घरात छोटे चित्रदालन आहे. बाहेर झाडाखाली त्यांनी जमवलेल्या दगडी मूर्ती ठेवल्या आहेत, त्यांत गुगा चौहान या लोकदैवताची घोड्यावर बसलेली मूर्ती आहे. आधी ती मूर्ती निरखून पाहावी आणि मग रोरिक यांनी १९३१मध्ये रंगवलेल्या गुगा चौहानच्या चित्राची प्रतिकृती शोधावी. दगडाच्या त्या बसक्या, ठोकळेबाज घोडेस्वाराला त्यांनी बर्फाच्या रांगेपुढे कसे उभे केले, हे पाहिले की आमच्या ज्या वाक्यावर एवढी पत्रे आली त्याची शहानिशा आपल्याला स्वतःच करता येईल.